दोन दारांचं घर

प्रिय वसूमावशी,

शेवट सापडला!

आज दुपारी सापडला आणि मी सवयीने फोन काढून तुझं नाव दाबलं. रिंग वाजली. कुठे वाजली सांगू? तुझ्याच गराजमध्ये, दिलीपकाकांच्या शर्टाच्या खिशात. काका माझ्यासमोर घडीच्या खुर्चीवर बसले होते. त्यांनी तुझा फोन काढला, त्यावर माझं नाव बघितलं, मग माझ्याकडे बघितलं, आणि चक्क उचलला.

"हं, बोल निहार," म्हणाले.

हाकेच्या अंतरावरून! मी काय बोलणार? "शेवट सापडला," एवढंच म्हणालो. "बरं झालं," ते म्हणाले. "सांगतो तिला." आणि फोन ठेवून चष्मा पुसायला लागले.

आता ते कसे सांगणार? म्हणून मीच लिहितोय. तुझ्या लायब्ररीच्या पार्किंग लॉटमध्ये गाडीत बसलोय. या नोव्हाय गावात तुझी म्हणावी अशी हीच तर एक जागा.

उद्या मराठी मंडळाचा गुढीपाडवा आहे, आणि हायस्कूलच्या ऑडिटोरियममध्ये तुझ्या 'दोन दारांचं घर'चा प्रयोग. दिवाळीत व्हायचा होता तोच. इंडियन स्टोअरच्या दारावर फ्लायर लागलाय. त्यात तुझ्या नावाआधी 'कै.' छापलंय. मी तो फाडला. आईने दुसरा लावला. तोही फाडला. मग आई म्हणाली, "निहार, मैत्रीण माझी होती. मला लावू दे." त्यावर काय बोलायचं असतं, मावशी? तिसरा मीच लावला. सेलोटेपने, सरळ.

तुझं नाटक म्हटलं की मला ती पुस्तकं आठवतात. मी शाळेतून तुझ्याकडे यायचो. आई-बाबा ऑफिसात. तू काकांची बायको म्हणून डिपेन्डन्ट व्हिसावर, नोकरीला बंदी. नागपुरात कॉलेजात शिकवणारी बाई इथे दुपारभर करणार काय? चालत लायब्ररीत जायची आणि ती पुस्तकं पिशवीभर आणायची. कव्हरवर घोडा, झालर लावलेली टोपी घातलेली बाई, मागे मावळता सूर्य. आई चिडवायची, "वसू, काय वाचायचीस आणि आता काय वाचतेस!"

"अगं, सगळी एकसारखी असतात, मान्य," तू म्हणायचीस. "एकमेकांचं तोंड न बघणारे दोघं. तिसऱ्या पानावर भांडण. मध्ये बर्फाचं वादळ. शेवटी देव दोघांना अक्कल देतो. मला ती अक्कल येते ना, ती जागा आवडते."

त्या गोष्टी तू मला मराठीत सांगायचीस, आणि इंग्लिशमध्ये उत्तर दिलं तर चिवड्याचा डबा बंद व्हायचा. माझं हे मराठी त्या चिवड्यावर वाढलंय. इथे जन्मलेली बाकीची मुलं बघ, आजीशी व्हिडिओ कॉलवर 'हाय' आणि 'बाय'च्या मध्ये काही बोलत नाहीत. मी मात्र भांडतो. मराठीत भांडता येणं ही तुझी देणगी!

एकदा तू सांगितलंस, की त्या काळी इथे सरकार जमीन द्यायचं, पण आधी तिच्यावर काही वर्षं राहून दाखवायला लागायचं. घर बांधा, नांगरा, साक्षीदार आणा, मग कागद हातात. "आपलं बरं आहे," काका सोफ्यावरून म्हणाले. "आपण इतकी वर्षं राहून दाखवतोय, लॉनसुद्धा कापतोय, आणि कागद काही येत नाही." तू खूप हसलीस. तुझी आई गेली तेव्हा व्हिसाच्या भानगडीत तू जाऊ शकली नव्हतीस, हे मला फार नंतर कळलं. तेव्हा मला वाटलं होतं, तुला ग्रीन कार्डाचे जोक आवडतात.

मग तुझ्या मनाने घेतलं की यावर मराठी नाटक करायचं. नेब्रास्काच्या माळावर शेजारी-शेजारी जमीन घेतलेले दोन हाडवैरी, थॉमस आणि हॅना. विहीर नेमकी हद्दीवर, म्हणून रोज भांडण. हिवाळा तोंडावर आणि लाकूड एकाच घरापुरतं. म्हणून नाइलाजाने एकच घर बांधतात, बरोबर हद्दीवर. कायदा म्हणतो, ज्याने त्याने आपल्याच जमिनीवर झोपायचं. म्हणून घराला दोन दारं, दोन खाटा, मध्ये एक शेगडी, आणि जमिनीवरून गेलेली रेघ. अशी घरं खरंच होती म्हणालीस. मला वाटलं थापा मारतेस.

थॉमस मी. आणि हॅना? हॅनासाठी तू शेजारच्या ट्रॉय गावातल्या इराला बोलावलंस! सगळं माहीत असून! मराठी शाळेच्या वक्तृत्व स्पर्धेपासून जिने मला एकदाही जिंकू दिलं नाही, ती. ती पहिली, आणि मला तो जीवघेणा कागद, उत्तेजनार्थ. पहिल्या वाचनाला तुझ्या बेसमेंटच्या पायऱ्या उतरत आली आणि पहिलं वाक्य काय?

"काय रे उत्तेजनार्थ, अजून जिवंत आहेस?"

"मावशी, ही असेल तर मी नाही," मी म्हणालो.

"छान," तू म्हणालीस. "हाच सूर ठेवा. पहिला प्रवेश बसला."

आणि ते संवाद! हॅना स्टेजवर आल्या आल्या ओरडते, "काऊन आलास बे माझ्या जमिनीवर?" आम्ही दोघं हसून खाली बसलो. इरा म्हणाली, "मावशी, ही नेब्रास्काची आहे की नागपूरची?"

"सपाट जमीन, उन्हाळा कडक, माणसं तोंडाळ," तू म्हणालीस. "फरक काय आहे मला सांग?"

इराचे प्रश्न मात्र मला सुचले नसते. तिने विचारलं, "पण मावशी, ती जमीन आधी तिथल्या मूळ लोकांची होती ना? यांचं भांडण दुसऱ्याच्याच जमिनीवर चाललंय." मला वाटलं तू चिडशील. तू वहीत काहीतरी लिहून घेतलंस. पुढच्या तालमीला एक नवा प्रसंग होता. विहीर खणताना हॅनाला एक झिजलेला दगडी पाटा सापडतो. ती त्यावरून हात फिरवते. "आपल्याआधी इथे कुणीतरी दाणे रगडत होतं," ती म्हणते, आणि तिचा वैरी फावडं खाली ठेवून निघून जातो. मग ती प्रार्थना करते. "कुणाची करते ही?" इराने विचारलं. "जो ऐकेल त्याची," तू म्हणालीस. तिथे इराचा आवाज असा काही लागायचा! मी विंगेत उभा राहून ऐकायचो आणि माझी एंट्री चुकायची. दर वेळी. तुला कळलं होतं ना? कळल्याशिवाय का "थॉमस, कान नको, पाय हलव" असं ओरडायचीस!

आणि ती रांगोळी. कुठल्याही दिग्दर्शकाने जमिनीवर टेप लावली असती. तू म्हणालीस, "हद्द टेपने चिकटवायची नसते. रोज नवी काढायची." प्रत्येक तालमीआधी आम्ही दोघांनी गराजच्या फरशीवर रेघ ओढायची. ती त्या टोकाकडून, मी या टोकाकडून, मध्ये गाठ पडायला हवी. कधी पडली नाही. तिची रेघ सुतासारखी, माझी दारुड्यासारखी. मध्ये चार बोटांची फट राहायची. तू वाकून तिथे एक टिंब ठेवायचीस आणि म्हणायचीस, "चला, सुरू करा."

घर मी बांधलं. हे मात्र अभिमानाने लिहितो. अख्खा उन्हाळा, होम डेपोच्या दुकानातल्या फळ्या आणि काकांची करवत. तू हॅनाची टोपी आणि परकर तुझ्या जुन्या सुती साड्यांमधून शिवत बसायचीस. हॅनाच्या बाजूच्या दारावरून आपलं वाजलं होतं, आठवतं? मी म्हणालो, नुसतं रंगवतो. त्या दारातून बाहेरून कुणी येतच नाही, प्रेक्षकांना दिसणारही नाही, कशाला बिजागऱ्या?

"खरं दार कर. आणि बाहेरून कडी लाव."

"पण का?"

"लाव. लागेल."

त्या वेळी तुझा हात थरथरत होता. सुई दोनदा बोटात गेली. "सुई बोथट आहे," म्हणालीस. मी विश्वास ठेवला! बोथट सुई बोटात जाते का गं? आजाराचं का नाही सांगितलंस? काकांना माहीत होतं, आईला माहीत होतं. आम्हा दोघांना का नाही? "तालीम बिघडली असती," म्हणे. मावशी, या एका गोष्टीसाठी मी अजून तुझ्यावर रागावलोय. आणि राग काढायला तू नाहीस, हे तर फारच चीटिंग आहे यार.

शेवटचा प्रवेश तू लिहिलाच नाहीस. दोघांनाही जमिनीचे कागद मिळतात. अधिकारी निघून जातो. आता कायदा नाही, रेघ पाळायची सक्ती नाही. दोघं घरात समोरासमोर. इथे तुझं लेखन संपायचं. "पुढे काय?" आम्ही विचारायचो. "मला काय विचारता? मी वैरी आहे का? तुम्ही सांगा. करून दाखवा."

मी करून दाखवलं! बुटाने रांगोळी पुसली, रेघ ओलांडली आणि इराचे दोन्ही हात धरले. मला वाटलं, काय भारी शेवट!

"हद्द पुसणारा तू कोण?" इराने हात सोडवून घेतले. ती हॅना म्हणून बोलतेय की इरा म्हणून, मला कळेना.

तू एवढंच म्हणालीस, "पुसलीस? आता परत काढ."

तोपर्यंत मी तिच्यापायी पार गेलो होतो, मावशी. तालमीनंतर गराजमध्ये उरलेला तिचा पाण्याचा ग्लास मी धुवायला द्यायचो नाही, इतका. आणि ऑक्टोबरात तिने सांगितलं की दुसऱ्या राज्यातल्या ॲशबर्नच्या डेटा सेंटरमध्ये जॉब लागलाय, डिग्री झाली की जूनमध्ये जाणार. मी दोन दिवस जेवलो नाही. तिसऱ्या दिवशी कॉलेज सोडलं. इंजिनिअरिंगचं तिसरं वर्ष, अर्धं सेमेस्टर. थेट इराच्या घरी ड्राइव्ह केलं आणि तिच्या ड्राइव्हवेवर उभं राहून सांगितलं, "मी कॉलेज सोडलं. तुझ्यासाठी. मीही ॲशबर्नला येतो."

मला काय वाटलं होतं? ती रडेल. धावत येईल. मागे व्हायोलिन वाजेल!

"माझ्यासाठी?" ती म्हणाली. "मला विचारलंस?"

"प्रेमात विचारतात का?"

"हो, निहार. विचारतात." आणि दार लावून घेतलं. बाहेरून मी, आतून कडी.

मी तुझ्याकडे आलो. वाटलं, एक तू तरी म्हणशील, वा रे थॉमस! घरी बाबांनी बोलणं टाकलं होतं, आई रडत होती. तू सोफ्यावर शाल घेऊन बसली होतीस, उन्हं खिडकीत असताना.

"कॉलेज आवडत नव्हतं?" तू विचारलंस.

"नव्हतंच."

"मग त्यासाठी सोडलं म्हण. ते चालेल. तिच्या नावावर कशाला टाकतोस?" मग जरा थांबून म्हणालीस, "थॉमसने आपली जमीन टाकून हॅनाच्या बाजूला खाट हलवली असती ना, तर तिने त्याच्याकडे बघितलंही नसतं. तिला शेजारी हवा होता. तू सामान होऊन चाललायस."

सामान! मी रागाने उठलो, पोहे अर्धे टाकून. तुझ्या हातचे ते शेवटचे पोहे असतील हे कुणी सांगायचं मला?

मग हॉस्पिटल. दिवाळीचा प्रयोग कॅन्सल केला. आम्ही दोघं भेटायला यायचो, पण वेगवेगळ्या वेळी, एकमेकांची गाडी लॉटमध्ये दिसली तर बाहेर थांबून. वेडेपणा! तुझ्यासमोरही अबोला. शेवटच्या आठवड्यात तुझा आवाज अगदी बारीक झाला होता. तू माझं मनगट धरलंस. मला वाटलं काहीतरी मोठं सांगशील, कॉलेजचं, आईचं.

"शेवट सापडला का रे?"

"नाही, मावशी."

"मग हॅनाला विचार." आणि डोळे मिटलेस. हसत होतीस का गं तेव्हा? मला नीट दिसलं नाही. माझेच डोळे भरले होते.

नंतरचा हिवाळा तुला सांगण्यासारखा नाही. एकच सांगतो. गराजमध्ये आमचं घर उभं होतं, म्हणून काकांची गाडी अख्खा हिवाळा बाहेर. रोज सकाळी काका काचेवरचा बर्फ खरवडायचे. मी म्हणालो, "काका, सेट सुटा करून माझ्याकडे नेतो." ते म्हणाले, "राहू दे. सकाळी ऑफिसला जाताना त्या घरातूनच जातो मी. तिच्या दाराने शिरतो, तुझ्या दाराने बाहेर पडतो." आणि खरवडत राहिले.

मी आता एका कॅबिनेटच्या वर्कशॉपमध्ये काम करतो. त्याचं कारणही तुझंच घर. शेजारच्या गावातला म्हातारा सुतार आहे, बोलतो कमी, ओरडतो जास्त. पण पहाटे उठून कामाला जावंसं वाटतं, हे मला आयुष्यात पहिल्यांदा वाटतंय. बाबा अजून लोकांना सांगतात, 'ब्रेक घेतलाय.' सांगू देत.

मंडळाने पाडव्याला प्रयोग करायचं ठरवलं तेव्हा इरा हो म्हणाली. तुझ्यासाठी. तालमीला यायची, संवाद म्हणायची, निघून जायची. शेवटच्या प्रवेशाला आम्ही नुसते समोरासमोर उभे राहायचो, आणि काका म्हणायचे, "अंधार. पडदा." असाच शेवट करायचं ठरलं होतं. तुझ्या नाटकाला शेवट नाही, एवढाच शेवट.

आज शेवटची तालीम. गराजचं दार वर केलेलं, बाहेर चक्क ऊन. रांगोळी काढायला बसलो. तिची सरळ आली, माझी वाकडी. मध्ये फट. दोघंही थांबलो. टिंब ठेवायला कुणीच नव्हतं. मी तिच्याकडे बघितलं, ती माझ्याकडे. तिने चिमूट पुढे केली आणि मागे घेतली. मीही तेच. शेवटी ती फट तशीच ठेवली आणि तालीम सुरू केली.

शेवटचा प्रवेश आला. ती त्या बाजूला, मी या बाजूला. मला सवयीने वाटलं, ओलांडावं. फट तर समोरच होती, रेघही पुसायला लागली नसती! आणि मला माझंच दार दिसलं. मी वळलो. माझ्या दारातून बाहेर पडलो. "कुठे चालला हा?" काका म्हणाले. मी घराला वळसा घालून मागून हॅनाच्या बाजूला गेलो. त्या दारापाशी, मावशी. ज्याला बिजागऱ्या कशाला म्हणून मी वाद घातला होता. बाहेरची कडी हातात धरली. वाजवली.

आतून इराचा आवाज, पण या प्रवेशात नसलेलं वाक्य.

"काऊन आलास बे?"

"शेजारी आहे," मी म्हणालो. "विहीर सामाईक आहे. विचारायला आलोय, येऊ का?"

मी दार ढकललं नाही. एवढं मी आयुष्यात कधी थांबलो नसेन. मग बिजागरी करकरली. तिने दार उघडलं होतं, तुझ्या साडीच्या टोपीत, आणि तिचं नाक लाल झालं होतं.

"विचारायला एवढा वेळ लागला, उत्तेजनार्थ?" ती म्हणाली.

काकांना 'पडदा' म्हणायचं सुचलंच नाही. तेव्हाच मी फोन काढला आणि तुझं नाव दाबलं.

तुला आधीपासून माहीत होतं ना? बाहेरून कडी लावायला लावलीस तेव्हापासून? मग सांगून का नाही टाकलंस! सांगितलं असतंस तर दिवाळीच्या आधीच करून दाखवलं असतं. तुझ्यासमोर. खुर्चीत तू बसली असतीस, चहाच्या थर्मासचं झाकण हातात धरून. आता तिथे काका बसतात, आणि थर्मास शेजारच्या रिकाम्या खुर्चीवर ठेवतात.

तालीम संपल्यावर इरा गाडीशी जरा थांबली. म्हणाली, "मी जूनमध्ये जाणार आहे." मी म्हणालो, "जा." तोंडातून निघालं आणि जळलंच इथे, छातीत, पण निघालं. "मी इथे आहे. माझं काम इथे आहे." ती म्हणाली, "बरं." गाडी सुरू केली, मग काच खाली करून म्हणाली, "तिकडच्या अपार्टमेंटला बेल आहे म्हणे." आणि गेली. याचा अर्थ काय? तू असतीस तर विचारलं असतं. आता स्वतःच लावतोय, आणि दर वेळी वेगळा लागतोय.

मावशी, एक वचन देतो. कॉलेजला परत जाईन असलं नाही, ते मी पाळणार नाही हे तुला ठाऊक आहे. हे देतो. तिने बोलावलं, तरच ॲशबर्नला जाईन. दिवसभर ड्राइव्ह करून जाईन, बेल वाजवीन आणि बाहेर उभा राहीन. उघडलं तर शेजाऱ्यासारखा आत जाईन. नाही उघडलं, तर भांडण न करता परत येईन, माझ्या बाजूला, माझ्या दाराने. दुखेल. पण येईन.

आणि उद्या प्रयोग झाल्यावर घर सुटं करून माझ्या वर्कशॉपमध्ये नेणार आहे. काका हो म्हणालेत. फक्त तुझं ते कडीचं दार ते ठेवून घेणार आहेत. गराजच्या भिंतीला टेकवून.

उद्या तिसऱ्या घंटेआधी रांगोळी मीच काढीन माझ्या बाजूची. वाकडीच येणार. मधल्या फटीत टिंब कुणी ठेवणार नाही. ती जागा तुझी आहे.

तुझा, अजूनही उत्तेजनार्थ,
निहार